साळिंदर खरंच काटे फेकून मारतं का? जंगलाला त्याचा काय उपयोग?

फेकत नाही. याच थापेपायी आमच्या सोसायटीतले लोक त्याच्या जिवावर उठले होते, म्हणून लिहितोय.

आम्ही ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी राहतो, भिंतीपलीकडे राष्ट्रीय उद्यान. पाऊस सरला आणि बागेतले कर्दळीचे, सोनटक्क्याचे कंद रातोरात उकरलेले दिसू लागले. माळीदादा म्हणाले, रानडुक्कर असणार. पण चिखलात एक काटा पडला होता. वीतभर लांब, काळे-पांढरे पट्टे, दोन्ही टोकांना निमुळता. काटा बघताच सेक्रेटरींनी मीटिंग लावली. म्हणे पोरांच्या डोळ्यांत काटे मारेल, भिंतीलगतच्या बिळात धूर करून ते बुजवून टाका. एका काकूंनी तर काटा घरात नेऊ दिला नाही, घरात भांडणं लागतात म्हणून.

काटा म्हणजे जाड झालेला केस. मुळाशी सैल असतो, समोरच्याच्या अंगात रुतला की सुटतो. साळिंदर आधी काटे फुलवतं, पाय आपटतं, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवतं. तरी कोणी हटलं नाही तर पाठमोरं अंगावर येतं. बिबट्याच्या पंजात काटे घुसतात ते असे. आणि बिळात एकटं जनावर नसतं, नर-मादी आणि पिल्लं एकत्र राहतात. धूर केला असता तर सगळीच गुदमरली असती. मीटिंगमध्ये मी हे आवाज चढवून सांगितलं, शेवटी वनरक्षकांना बोलावलं तेव्हा बीळ वाचलं. सेक्रेटरी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. न बोलोत.

जंगलाचं म्हणाल तर कंदासाठी उकरलेल्या खड्ड्यात पाणी, पालापाचोळा आणि बी साठतं, तिथे रोपं रुजतात. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात याच जातीच्या साळिंदराच्या खड्ड्यांचा अभ्यास झालाय. गळून पडलेली शिंगं, हाडं ते कुरतडतं, त्यातून त्याला कॅल्शियम मिळतं. सोडलेली बिळं दुसऱ्या जनावरांच्या कामी येतात.

झाडांची साल सोलतं, रताळी-भुईमूग फस्त करतं, हेही खरं. ज्याचं पोट वाडीवर आहे त्याचा राग मला समजतो. शोभेच्या कर्दळीसाठी कोणाचं घर बुजवणं मात्र मला कधीच पटणार नाही.

तुमच्याकडे येत असेल तर कंद उंच कुंड्यांत लावा, भिंतीच्या बुडाशी जाळी खोल पुरा. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे. कमिटीने परस्पर ठराव केलाच तर लेखी हरकत द्या आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा.