मागच्या शॉकअपमधून तेल गळतंय: सील टाकून तेल भरून घेऊ की जोडी बदलू?

तुमचा प्रश्न असा आहे: चेनच्या बाजूच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसतो, मिस्त्री म्हणतो सील टाकून तेल भरून देतो, शोरूमवाले म्हणतात जोडी बदला, आणि गाडी रोज बेसा ते बुटीबोरी पळते. मी नागपुरात दुचाकीचंच काम करतो, शॉकअप तर रोज हातात असतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. रॉड, म्हणजे शॉकअपमध्ये आत-बाहेर होणारी गुळगुळीत दांडी, बघितल्याशिवाय कोणाचंच ऐकू नका. सील, म्हणजे रॉडभोवती तेल अडवणारं रबरी कडं, क्वचितच आपणहून जातं, त्याला बहुतेक वेळा रॉड खातो.

आधी खरंच गळतंय का, ते पाहा. चेनच्या बाजूला ल्यूबचे शिंतोडे उडून शॉकअप ओला दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. शॉकअप कापडाने कोरडा पुसा, चार-पाच दिवस गाडी चालवा आणि पुन्हा बघा. चेनचं तेल काळं, चिकट असतं आणि ठिपक्यांनी पडतं. शॉकअपचं तेल पातळ असतं. ते स्प्रिंगच्या आत, रॉड जिथून बाहेर येतो तिथून सुरू होतं आणि खाली नळीवर उतरतं. त्यावर धूळ बसून ओली काळी पट्टी तयार होते. रॉडवर नुसता तेलकट हात लागला तर काळजी नको, सील ओलं राहायला तेवढं तेल लागतंच. मग सीट दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन जागेवर थांबली तर अजून दम आहे. दोन-तीनदा वरखाली झाली तर आतलं तेल कमी झालंय.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. स्प्रिंगची उसळी शमवायचं काम तेलाचं. रॉडच्या आतल्या टोकाला असलेल्या पिस्टनच्या बारीक भोकांतून तेलाला ढकलत जावं लागतं, तिथे जोर खर्च होतो आणि उसळी मरते. तेल कमी झालं की त्या भोकांतून हवा जाते, तेलाचा फेस होतो आणि शॉकअप पोकळ पडतो. सरळ रस्त्यावर हे लवकर कळत नाही. वर्धा रोडला भरधाव जाताना सिमेंट रस्त्याचा जोड लागला किंवा वळणावर खड्डा आला, की मागचं चाक नाचतं. शिवाय गळालेलं तेल टायरवर किंवा डिस्कवर गेलं तर धोका वेगळाच. म्हणून "पुढच्या महिन्यात बघू" म्हणू नका.

आता रॉडकडे या. शॉकअप काढून स्प्रिंग उतरवावी लागते आणि त्याला स्प्रिंग दाबून धरणारं अवजार, स्प्रिंग कम्प्रेसरच हवा. तारेने बांधून, पाय देऊन स्प्रिंग काढणारे मी पाहिलेत. ती सुटली तर हाड मोडते, घरी हा प्रयोग नकोच. रॉड उघडा झाला की पुसून उजेडात धरा आणि कापसाचा बोळा हलक्या हाताने वरून खाली फिरवा. कापसाचा धागा जिथे अडकेल तिथे खड्डा आहे. आपल्याकडे तो बहुतेकदा एकाच जागी सापडतो: गाडी उभी असताना सीलच्या लगेच बाहेर राहतो त्या पट्ट्यात. बेसा, मनीषनगरकडच्या नव्या ले-आउटमध्ये पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असतो. तो रॉडवर बसतो, रात्रभर ओल धरतो, सुकला की दगड होतो. क्रोमखाली गंज शिरतो आणि मोहरीएवढाही नाही असा फोड उठतो. प्रत्येक खड्ड्यागणिक तो फोड सीलच्या ओठावरून घासत जातो. अशा रॉडवर नवं सील टाकलं तर पैसे पाण्यात.

रॉड गुळगुळीत असेल तरच दुरुस्तीचा विचार. एखादा बारीक ओरखडा २००० नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून, गोल फिरवत घालवता येतो. खोल खड्डा असेल तर रॉड ग्राइंड करून हार्ड क्रोम करावा, म्हणजे त्यावर क्रोमचा नवा कडक थर चढवावा लागतो. रोजच्या गाडीला तो खर्च परवडत नाही. काचेवर लोटून रॉड वाकलेलाही नाही ना, ते बघा.

दुसरी गोष्ट, तुमचा शॉकअप उघडण्यासाठी बनवलाय का? नळीच्या तोंडाशी सर्क्लिप (खाचेत बसणारी काढता येणारी रिंग) किंवा आटे असलेली टोपी असेल तर तो उघडतो, सील बदलता येतं. नळीची कडाच आत वळवून बंद केलेली असेल तर कंपनीने तो उघडायला बनवलेला नाही, आणि साध्या गाड्यांचे बहुतेक शॉकअप असेच असतात. काही कारागीर ती कडा लेथवर कापतात, आटे पाडून टोपी बसवतात. आरएक्स १०० सारख्या जुन्या गाडीचा मूळ शॉकअप राखायचा असेल तर चांगल्या हातून हे काम जरूर करून घ्या, मीही तेच सुचवतो. रोज बुटीबोरी गाठणाऱ्या गाडीला मात्र नवी जोडी घ्या. आणि शॉकअपवर गॅस किंवा नायट्रोजन लिहिलेलं असेल, बाजूला डबी असेल, तर कापू नका, भोक पाडू नका, तापवू नका. आत दाबाखाली गॅस असतो. ते काम गॅस भरायची सोय असलेल्याचंच.

"तेल भरून देतो" यात खरी मेख किती तेल, याची आहे. दहापैकी आठ दुरुस्त्या इथेच फसतात असं मला वाटतं. रॉड आत जातो तेव्हा तो स्वतःची जागा घेतो. १० मिमी जाडीचा रॉड ७० मिमी आत गेला तर साधारण साडेपाच मिली जागा त्याला लागते. तेल दाबलं जात नाही, म्हणून तेवढी आणि त्याहून थोडी जास्त हवेची किंवा गॅसची जागा आत ठेवावीच लागते. हौसेने तोंडापर्यंत तेल भरलं की पहिल्याच मोठ्या खड्ड्यात रॉडला जायला वाट उरत नाही आणि सील बाहेर फेकलं जातं. त्यात नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तापून तेल आणखी फुगतं. तेल पातळ शॉकअपचंच हवं. इंजिन ऑइल घातलं तर पहिले दोन दिवस शॉकअप टणक वाटतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण जाड तेलाने शॉकअप एका खड्ड्यातून वर यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि गाडी आदळायला लागते. मिस्त्रीला एवढंच विचारा: किती मिली आणि कुठलं तेल? उत्तर अडखळलं तर काम देऊ नका.

बदलायचे तर दोन्ही बदला. एक नवा, एक थकलेला असला की चाकाला दोन बाजूंनी वेगळी ओढ बसते. प्रीलोडची खाच, म्हणजे स्प्रिंग कडक-ढिली करायची जागा, दोन्हीकडे सारखी ठेवा. ती कडक केल्याने गळती थांबत नाही, हे सांगायची वेळ फार येते. जुनं सील एकाच बाजूने झिजलेलं दिसलं तर शॉकअपच्या डोळ्यातले (बोल्ट जातो त्या भोकातले) रबर बुश आणि स्विंग आर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फाट्याचे, बुश तपासा. ते ढिले असले की रॉड तिरका ओढला जातो आणि नवा शॉकअपही तसाच मरतो. बोल्ट आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या आणि सीटवर कोणीतरी बसलेलं असू द्या, नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं.

पुढे जपायला फार काही लागत नाही. पावसाळ्यात घरी आलात की मगभर पाणी रॉडवर टाका, कापडाने पुसा. वॉशिंगवाल्याला सांगा, प्रेशरचा पाइप शॉकअपच्या तोंडावर धरू नको. त्या धारेने रेती सीलच्या आत जाते. धुतल्यावर डिझेल मारून गाडी चमकवायची पद्धत आहे, तीही बंद करा. डिझेलने रबर फुगतं आणि ओल्या रॉडवर धूळ चिकटते. रॉडला ग्रीस लावू नका, कारण तेच. ट्रिपल सीट आणि सिलिंडरच्या फेऱ्या टाळा, कारण शॉकअप तळाला आपटतो तेव्हा सीललाही धक्का बसतो.

गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच करू नका, कोणाला उघडूही देऊ नका. आधी शोरूममध्ये लेखी तक्रार द्या. नसेल तर गाडीचं मॉडेल आणि रॉड जिथून बाहेर येतो त्या जागेचा जवळून काढलेला फोटो टाका. उघडणारा आहे की नाही, ते बघून सांगतो.