‘जेडाय: फॉलन ऑर्डर’मध्ये सारखा मरतोय. लेव्हल सोपी करू, की गेमच सोडून देऊ?

गेम सोडू नका, लेव्हल खाली आणा. पण प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही जे लिहिलंय ना, ‘हातात लाइटसेबर असून काठीवाला साधा सैनिक मला लोळवतो, हा कसला जेडाय?’, त्यावर जरा सविस्तर लिहितो. कारण खरी मेख तिथेच आहे. (जेडाय म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधले योद्धे, लाइटसेबर ही त्यांची प्रकाशाची तलवार.)

‘स्टार वॉर्स’चे चित्रपट बघून आलेल्या माणसाला वाटतं, आता सपासप तलवार फिरवायची आणि समोरच्यांना पाचोळ्यासारखं उडवून द्यायचं. तसे गेम या मालिकेत आहेतही. 2008 च्या ‘द फोर्स अनलीश्ड’मध्ये तर तुम्ही आकाशातलं अख्खं स्टार डिस्ट्रॉयर जहाज नुसत्या फोर्सच्या, म्हणजे जेडायांच्या अदृश्य शक्तीच्या, जोरावर खाली ओढता. 2019 चा ‘फॉलन ऑर्डर’ अगदी दुसऱ्या टोकाचा. त्याचा दिग्दर्शक स्टिग अस्मुसेन याने आधी ‘गॉड ऑफ वॉर 3’ केला होता, तिथे राग आणि रक्तपात यांची चंगळ होती. इथे मात्र लढाईचं वळण ‘डार्क सोल्स’ या अवघड म्हणून गाजलेल्या गेमच्या घराण्याचं आहे. आधी समोरच्याला वाचायचं, मग हात उचलायचा.

आणि कथाही याला धरूनच आहे. चित्रपटांच्या तिसऱ्या भागात जेडायांचं शिरकाण होतं, त्यानंतर 5 वर्षांनी हा गेम सुरू होतो. आपला कॅल केस्टिस ब्राक्का नावाच्या ग्रहावर जुनी जहाजं तोडायच्या कामाला आहे, ओळख लपवून. प्रशिक्षण अर्धवट राहिलेलं, फोर्सशी नातं जवळजवळ तुटलेलं. पुढे गुरूसोबतचे जुने प्रसंग आठवत जातात तशा एकेक शक्ती परत येतात. म्हणजे सुरुवातीला तुम्ही जे चाचपडता, ते कॅलचंच चाचपडणं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी चिडचिड कमी होते. (पुढचं काही फोडत नाही, निश्चिंत राहा.)

आता त्या काठीवाल्याकडे येऊ. शत्रूच्या डोक्यावर दोन पट्ट्या दिसतात. लाल पट्टी त्याच्या जिवाची, पांढरी त्याच्या बचावाची. नवा माणूस लाल पट्टीकडे बघून चौकोनी बटण बडवत सुटतो. काठीवाला दोन घाव अडवतो, तिसऱ्याला उलटा फटका देतो आणि तुम्ही आडवे. त्याऐवजी एकदा मुद्दाम हल्लाच करू नका. त्याच्यावर लॉक करा, उभे राहा, त्याला येऊ द्या. तो काठी मागे नेतो, क्षणभर थांबतो, मग हाणतो. ब्लॉकचं बटण दाबायचं ते काठी मागे जाताना नाही, ती तुमच्या अंगावर पोचते त्या क्षणी. जमलं की ठिणगी उडते, आवाज वेगळा येतो, तो झोकांडी खातो आणि पांढरी पट्टी धाडकन खाली येते. ती संपली की तो उघडा पडला. मग दोन घावांत काम होतं. यालाच पॅरी म्हणतात आणि खरं सांगायचं तर सगळा गेम या एका गोष्टीवर उभा आहे. ब्लास्टर म्हणजे बंदूकवाल्यांनाही हेच लागू. ब्लॉक नुसता धरून ठेवलात तर गोळी इकडेतिकडे जाते, वेळेवर दाबलात तर मारणाऱ्याच्याच छातीत परत जाते. रॉकेटवाल्याचं रॉकेट फोर्स पुशने (फोर्सच्या धक्क्याने) त्यालाच साभार परत करता येतं. या गेममधलं ते माझं सगळ्यात लाडकं सुख आहे.

अपवाद एकच. शत्रू लाल चमकला तर तो वार अडवता येत नाही. तिथे हुशारी नको, सरळ बाजूला व्हायचं.

लढाईत फोर्सची निळी पट्टी वार करूनच पटापट भरते, त्यामुळे घाबरून कोपऱ्यात थांबून उपयोग नाही. पण असलेली पट्टी कंजूषपणे जपूनही ठेवू नका. दोघे-तिघे एकदम अंगावर आले की एकाला स्लोने (शत्रूला संथ करणाऱ्या फोर्सच्या शक्तीने) गोठवा आणि तेवढ्यात दुसऱ्याचा निकाल लावा. अनेकांशी एकाच वेळी लढणं जमत नाही म्हणून निराश होणारे बहुतेक लोक स्लो वापरायलाच विसरलेले असतात.

मेल्याचंही फार वाईट वाटून घेऊ नका. नुकसान होतं ते अर्धवट भरलेल्या अनुभवाचं (म्हणजे ज्यातून नवी कौशल्यं घ्यायचे स्किल पॉइंट मिळतात त्या गुणांचं), मिळालेल्या स्किल पॉइंटला धक्का लागत नाही. ज्याने मारलं तो चमकत राहतो, त्याला एक घाव घातला की गेलेला अनुभव परत. ध्यानाच्या जागी बसलात आणि विश्रांती घेतलीत तर मात्र तब्येत भरते आणि मारलेले सगळे शत्रूही पुन्हा उभे राहतात. म्हणून दर वेळी विश्रांती घेतलीच पाहिजे असं नाही. नुसतं बसून स्किल घेऊनही उठता येतं. पहिले पॉइंट दिखाऊ उड्यांवर घालवू नका, आयुष्याची पट्टी वाढवा. बीडी-1 हा छोटा रोबो सुरुवातीला दोनच स्टिम (तब्येत भरून काढणारी औषधं) घेऊन येतो, जास्तीचे पेट्यांमध्ये मिळतात, तेव्हा आडवाटेची पेटी दिसली की वाट वाकडी करा.

बोगानो या सुरुवातीच्या ग्रहावर जमिनीखाली ऑग्डो बॉग्डो नावाचा अवाढव्य बेडूक आहे. तुम्ही अजून पहिल्या ग्रहांवरच असाल तर दाट शंका आहे की तुमचे बरेच जीव त्याच्याच पोटात गेलेत. तो कथेचा भाग नाही! त्याला सोडून पुढे जा, शक्ती वाढल्यावर परत येऊन हिशोब चुकता करा. यायचंच असेल तर वरून त्याच्या अंगावर उडी घेत पहिला वार करा, पट्टीचा मोठा लचका तुटतो.

आता लेव्हलचं. चार आहेत: स्टोरी मोड, जेडाय नाइट, जेडाय मास्टर आणि जेडाय ग्रँड मास्टर. लेव्हल निवडताना मेन्यूतच तीन गोष्टी दाखवलेल्या असतात: पॅरीला मिळणारा वेळ, तुम्हाला होणारी इजा आणि शत्रूंचा आक्रमकपणा. मध्येच कधीही बदलता येते, कथा तीच राहते. म्हणून माझा सल्ला: जेडाय नाइटवर या, पॅरी हाताला बसू द्या, मग वाटलं तर मास्टरवर चढा. स्टोरी मोड मी लगेच सुचवणार नाही, कारण तिथे बटणं बडवूनही निभावतं आणि मग पॅरी शिकायची गरजच उरत नाही. अर्थात तुम्हाला फक्त गोष्ट आणि ग्रह बघायचे असतील तर बिनधास्त तो घ्या. लाज कसली त्यात?

काही त्रास मात्र तुमच्यामुळे नाहीत. नकाशा त्रिमितीय आहे आणि डोकं फिरवतो. लाल वाट म्हणजे अजून बंद, हिरवी म्हणजे आता जाता येईल, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. बर्फाच्या आणि चिखलाच्या घसरगुंड्या मला शेवटपर्यंत आवडल्या नाहीत. एका जागेवरून दुसरीकडे झटकन जायची सोयही नाही, आल्या वाटेने तंगडतोड करत जहाजापर्यंत परतायचं. ही सोय 2023 च्या ‘जेडाय: सर्व्हायव्हर’मध्ये आली, शिवाय तलवार धरायच्या पाच पद्धती मिळाल्या. म्हणून थेट त्यावर उडी मारायचा मोह होईल, पण थांबा. ती गोष्ट पहिलीच्या 5 वर्षांनंतरची आहे आणि कॅलचे सोबती एकमेकांपासून का दुरावलेत, हे पहिला भाग खेळल्याशिवाय मनाला भिडणार नाही.