यूव्हीनंतर सीओडी वाढतोय? डोस वाढवण्याआधी उरलेलं पेरॉक्साइड मोजा

तुम्ही लिहिलंय: रंगाईच्या सांडपाण्याचा रंग गेला, दिवे नवे, तरी यूव्हीतून (पेरॉक्साइड टाकून पाणी अतिनील दिव्यांसमोरून नेणारं यंत्र) बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) आत जाणाऱ्यापेक्षा जास्त, आणि मशीनवाला म्हणतो पेरॉक्साइड वाढवा. तुमचं हे वाचून आमचेच ते तीन महिने आठवले. कृपा करून डोस वाढवू नका.

आम्ही वाढवला होता. इचलकरंजीतलं कापड रंगवणारं प्रोसेस हाऊस, सगळं कॉटन, रिअ‍ॅक्टिव्ह रंग. बायोलॉजिकल (जिवाणूंची) टाकी, वाळूचा फिल्टर, मग यूव्ही. डोस चढवला की रिपोर्टमधला सीओडीही चढायचा. कारण साधं होतं: सीओडीच्या चाचणीत घाण जाळणारं डायक्रोमेट उरलेल्या पेरॉक्साइडवरही खर्च होतं. लिटरमागे १ मिलिग्रॅम पेरॉक्साइड उरलं तर साधारण ०.४७ मिलिग्रॅम सीओडी दिसतो. ४०० उरलं की १८८ नुसते त्याचेच, आणि मर्यादा २५०ची!

नमुने ज्या प्रयोगशाळेत द्यायचो तिला मी दोनदा लेखी विचारलं की यात पेरॉक्साइड आहे, काही फरक पडतो का. उत्तर एका ओळीचं: 'नमुना जसा आला तसा तपासला.' याचा राग अजून गेलेला नाही. रोज हेच काम करणाऱ्यांना हे माहीत नसावं? त्या रिपोर्टवर आम्हाला नोटीस आली, आणि चांगली चाललेली बायोलॉजिकल टाकी आम्ही उगाच उपसली.

उत्तर आमच्याच शेडमध्ये होतं. ब्लीचिंगनंतर कपड्यात पेरॉक्साइड राहिलं तर रंगाची छटा फिकी येते, म्हणून डाईंग मास्टर 'पेरॉक्साइड किलर', म्हणजे कॅटालेज एन्झाइम, टाकून पेरॉक्साइड असलं की निळी पडणाऱ्या पट्टीने तपासतात. त्यांनी ती पट्टी यूव्हीच्या पाण्यात बुडवली आणि ती गडद निळी झाली. तेव्हापासून नमुन्याचा पीएच सातच्या आसपास आणून कॅटालेज टाकायचं, पट्टी कोरी आली की मगच बाटली भरायची. बायसल्फाइटने मारू नका, जास्त पडलं तर तेही सीओडी दाखवतं.

मी केमिकल इंजिनिअर नाही, तुमचं पाणी वेगळं असेल. पण माझं ठाम मत आहे की पेरॉक्साइड मारूनही सीओडी उतरत नसेल तर खरी अडचण बहुतेक वेळा सोड्याची असते. डाईंगच्या सोडा अ‍ॅशचं कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल (यूव्हीत पेरॉक्साइड फुटून तयार होणारे, घाण तोडणारे कण) गिळतं, बायकार्बोनेटपेक्षा कितीतरी जास्त. अ‍ॅसिडने पीएच ५च्या खाली आणून हवा मारली की कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातं. खर्च आहे, टीडीएसही (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढतो, म्हणून आधी बादलीभर पाण्यावर करून बघा. पेरॉक्साइड गरजेपेक्षा जास्त झालं तर तेही रॅडिकल खातं, तेव्हा जास्त डोस म्हणजे जास्त काम असं नसतं.

पुढे आरओ असेल तर पेरॉक्साइड मारल्याशिवाय पाणी सोडू नका, पाण्यात लोह असलं तर मेम्ब्रेन लवकर जातात. आणि क्वार्ट्झच्या नळ्यांवर पांढरा थर दिसला तर सायट्रिक अ‍ॅसिडने पुसून घ्या.

पट्टी काय दाखवते ते इथे कळवा, मग डोसचं बघू.