कोकणातल्या घरात सापडलेल्या हँडीकॅमच्या कॅसेट कॉम्प्युटरवर कशा घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत २००० ते २००६ च्या दरम्यानच्या कॅसेट सापडल्या. काही लहान आहेत, काही जरा मोठ्या. सोबत सोनीचा हँडीकॅम आहे, तो चालू होतो, पण यूएसबी लावली तर व्हिडिओ काही येत नाही. तर केबल कुठली घ्यावी?

केबलचं सांगते, पण आधी एक विनंती. कॅसेट अजून कॅमेऱ्यात घातली नसेल तर घालू नका. मी मालवणात राहते. घरच्या आणि शेजारपाजारच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना एक गोष्ट पक्की कळली : आपल्याकडे केबलच्या आधी बुरशीचा विचार करायचा. चार महिने पाऊस, बंद घर आणि माळ्यावरची ट्रंक म्हणजे बुरशीला आमंत्रणच. प्रत्येक कॅसेट उजेडाकडे धरून तिच्या छोट्या खिडकीतून बघा. गुंडाळलेल्या टेपची कड एकसारखी काळसर, गुळगुळीत दिसली तर ठीक. पांढरे ठिपके, भुकटी किंवा कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करा. तशीच लावलीत तर बुरशी कॅमेऱ्याच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. टेपही फाटू शकते. ती साफ करायला कवच उघडावं लागतं. ते काम जाणकाराकडेच द्या.

बाकीच्या कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत काही दिवस ठेवा. उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर लावू नका. आणि मोबाइल भिजल्यावर लोक करतात तसं तांदळाच्या डब्यात तर मुळीच ठेवू नका, तांदळाची पूड आत जाते. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर काढा. ऐन पावसात कॅमेरा दमटपणाची सूचना दाखवून टेप फिरवायलाच नकार देतो. तसं झालं तर कॅसेट काढून झाकण उघडं ठेवा आणि तासभर थांबा. एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम पडवीत आणलात तरी आत दव धरतं.

आता केबल. लहान, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट ती मिनीडीव्ही. तिच्यावरचं चित्रण मुळातच डिजिटल असतं आणि ते जसंच्या तसं काढायचा रस्ता म्हणजे फायरवायर, ही यूएसबीहून वेगळी, जुनी जोडणी. सोनीच्या कॅमेऱ्यावर तिच्या चार पिनांच्या छोट्या खाचेशेजारी ‘आयलिंक’ असं लिहिलेलं असतं. यूएसबीची खाच बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोंसाठीच होती. काहींतून व्हिडिओ येतो, पण बहुधा हलक्या दर्जाचा. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी स्वस्त केबल ऑनलाइन दिसेल, ती घेऊ नका. दोन्हींची बोलणी वेगळी, नुसत्या तारा जोडून काही होत नाही. डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड बसवा. नाहीतर ओळखीपाळखीत २००५ ते २०१० च्या सुमाराचा लॅपटॉप शोधा, त्यांतल्या बऱ्याच जणांना ही खाच असते. ॲपलवाल्यांनी लक्षात घ्यावं की २०२५ च्या मॅकओएस टाहोपासून फायरवायरचा आधार काढून टाकलाय. केबल लावताना कॅमेरा बंद ठेवा आणि कॉम्प्युटरकडचं टोक सहा पिनांचं असेल तर ते उलटं दाबू नका, खाच जळते.

चित्रण उतरवून घ्यायला प्रोग्राम लागतो : विंडोजवर विनडीव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब. दोन्ही फुकट आहेत. तासाभराची कॅसेट घ्यायला तासभरच लागतो, घाई चालत नाही. तासाला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे वीस कॅसेटना २६० जीबी. फॅट३२ पद्धतीचा पेनड्राइव्ह ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, म्हणजे विसाव्या मिनिटाच्या आतच अडतो. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलेली डिस्क वापरा. सुरू करण्याआधी कॅसेटची पट्टी ‘सेव्ह’कडे सरकवा आणि टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा. आपल्याकडची वीज लक्षात घेता लॅपटॉप आणि कॅमेरा दोघांच्याही बॅटऱ्या चार्ज असू द्या. चित्रात चौकटी-चौकटी दिसू लागल्या तर हेड मळलंय असं समजा. क्लीनिंग कॅसेट थोडाच वेळ फिरवा, ती खरखरीत असते.

फायरवायरचा एक फायदा फारसं कुणी सांगत नाही. मिनीडीव्हीवर प्रत्येक दृश्याची तारीख-वेळ नोंदलेली असते आणि या रस्त्याने तीही सोबत येते. कुठले गणपती कुठल्या सालचे, जत्रेतला दशावतार कधीचा, यावरून घरात वाद घालायला नको. अर्थात त्या वेळी कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलेलं असेल तरच.

मोठ्या कॅसेट बहुधा आठ मिलिमीटरच्या असतील. त्यांवर व्हिडिओ८, हाय८ किंवा डिजिटल८ असं छापलेलं असतं. मिनीडीव्हीच्या कॅमेऱ्यात त्या बसत नाहीत. सोनीचा डिजिटल८ कॅमेरा कुठे मिळाला तर उत्तम, त्याच्या काही मॉडेलांत जुन्या हाय८ कॅसेटही चालतात आणि फायरवायरनेच बाहेर येतात. तो नसेल तर व्हिडिओ८ आणि हाय८ कॅसेटसाठी साधा हाय८ कॅमेरा आणि यूएसबी कॅप्चर कार्ड, म्हणजे कॅमेऱ्यातून येणारं चित्र कॉम्प्युटरला समजेल असं करणारं छोटं यंत्र. पिवळ्या पिनेऐवजी एस-व्हिडिओची खाच असेल तर ती वापरा, रंग स्वच्छ येतात. आखातातून आणलेला कॅमेरा आपल्यासारखाच पाल या टीव्ही पद्धतीचा असतो. अमेरिकेतला, म्हणजे एनटीएससी या तिकडच्या पद्धतीचा असेल तर कॅप्चर कार्डात तसं निवडा.

मिळालेली मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर पाठवायला हँडब्रेक या प्रोग्रामने वेगळी एमपी४ प्रत करा, त्यात डीइंटरलेस चालू ठेवा, नाहीतर हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात.

मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत द्यायचं ठरलं तर आधी विचारा : मिनीडीव्ही फायरवायरने घेता का, आणि मूळ डीव्ही फाइल देता का? ‘डीव्हीडी करून देतो’ एवढंच म्हणाले तर दुसरीकडे जा, कारण डीव्हीडीसाठी चित्र पुन्हा दाबलं जातं, म्हणजे फाइल लहान करताना दर्जा घटतो. आणि काम झाल्यावर कॅसेट परत आणा.