फ्रीलान्सचे ९ लाख ‘इतर उत्पन्ना’त टाकू नका

प्रश्न असा: पुण्यात आर्किटेक्टकडे अर्धवेळ नोकरी, पगार महिना ४०,०००. उरलेल्या वेळात इंटिरियरची स्वतःची कामं. २०२५-२६ मध्ये दोन बिल्डरांनी मिळून ९ लाखांची बिलं चुकती केली, सगळी बँकेतून, १० टक्के टीडीएस कापून. ‘कर कापलाच आहे, मग रिटर्नमध्ये दाखवायचं कशाला? की इतर उत्पन्नात टाकून मोकळी होऊ?’

दोन्ही नको. न दाखवण्याचा तर प्रश्नच नाही. ते ९ लाख तुमच्या पॅनवर एआयएसमध्ये (आयकर खात्याकडचा तुमच्या व्यवहारांचा वार्षिक तक्ता) आधीच चढलेत, आणि दाखवले नाहीत तर कापलेले ९०,००० परत मागता येणार नाहीत.

आता आकडे बघा, नव्या करप्रणालीतले. पगार ४,८०,०००, त्यातून ७५,००० प्रमाणित वजावट, राहिले ४,०५,०००. त्यात अख्खे ९ लाख ‘इतर उत्पन्न’ म्हणून मिळवले की १३,०५,००० होतात. १२ लाखांची रेषा ओलांडली, त्याखाली कर शून्य करणारी सवलत गेली, सेससकट कर ७८,७८०. तेच कलम ४४एडीए (ठराविक व्यावसायिकांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय) खाली दाखवलं तर ९ लाखांपैकी निम्मेच, म्हणजे ४,५०,००० उत्पन्न धरलं जातं. बेरीज ८,५५,०००. कर शून्य, ९०,००० परत.

इंटिरियर डेकोरेशन या कलमाच्या यादीत आहे. (अनुवादक, कंटेंट रायटर यांनी हे वाचून लगेच खूश होऊ नये; त्यांचं नाव यादीत नाही.) फॉर्म आयटीआर-४, व्यवसाय कोड १६००८. मात्र निम्मे ही किमान मर्यादा आहे. लॅपटॉप, पेट्रोल वेगळं वजा होत नाही. निम्म्याहून कमी नफा दाखवायचा तर हिशेबाच्या वह्या आणि ऑडिट आलं.

भरण्याआधी एक कागद हातात घ्या: नोकरीवरून फॉर्म १६ (पगारावरच्या टीडीएसचा दाखला) मिळतो की १६ए (पगाराशिवायच्या पैशांवरच्या टीडीएसचा)? अर्धवेळ माणसाला पगारपत्रकावर न घेता ‘कन्सल्टंट’ म्हणून पैसे देणारी ऑफिसं बरीच असतात. १६ए असेल आणि त्यावर १९४जे (व्यावसायिक फीवरच्या टीडीएसचं कलम) लिहिलं असेल, तर तो पगार नाही. ७५,००० ची वजावट मिळणार नाही. ते ४,८०,००० देखील व्यावसायिक जमेत जातील, त्यांचेही निम्मेच धरले जातील. कर तरीही शून्यच येतो, पण पगाराच्या रकान्यात भरलंत तर रिटर्न आणि २६एएस (तुमच्या पॅनवर जमा टीडीएसचा तक्ता) जुळणार नाहीत.

घोळ बहुतेक वेळा मार्चच्या बिलावर होतो. बिल्डर मार्चमध्ये नोंद करून टीडीएस कापतो, पैसे मे महिन्यात येतात. तुम्ही बँक पासबुकावरून बेरीज मारता, २६एएस मध्ये जमा जास्त दिसते, आणि रिफंड अडकतो. बेरीज आधी २६एएस वरून करा, मग पासबुकाशी ताडा. बिलावर काही चुकीचं कलम लागलं असेल, १९४सी (कंत्राटाचं) वगैरे, तर बिल्डरच्या अकाउंटंटकडून टीडीएस रिटर्न दुरुस्त करून घ्या; तुमच्या रिटर्नमध्ये ते सुधारता येत नाही.

जीएसटी २० लाखांपर्यंत नाही. गृहकर्जासाठी जुनी प्रणाली घ्यायचा विचार असेल तर थांबा: व्यवसायाचं उत्पन्न असताना १०-आयईए हा फॉर्म भरून नव्या प्रणालीतून बाहेर पडलात की नव्या प्रणालीत परत यायची संधी एकदाच मिळते, नोकरदारासारखी दरवर्षी नाही.