फ्लोरेन्सला एकच दिवस आहे. पालात्सो स्ट्रोत्सी हा जुना वाडा आतून बघावा, की बाहेरून पुरे?

'बाहेरून पुरे' वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो. आमचे भावोजी हेच म्हणाले होते.

नोव्हेंबर २०२३. ताई, भावोजी, मी आणि बायको, सहलीतला अर्धा दिवस मोकळा. मी हट्टानं सगळ्यांना तिकडे नेलं, कारण आत शिल्पकार अनीश कपूर यांचं प्रदर्शन होतं. मुंबईत जन्मलेल्या माणसाचं काम फ्लोरेन्समध्ये लागलंय आणि आपण बाहेर जिलातो खात फिरायचं, हे मला पटेना. भावोजी वाड्याच्या आतल्या चौकापर्यंत आले, मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "सिंहासन नाही, झुंबर नाही. रिकाम्या खोल्यांना तिकीट?" युरोला नव्वदनं गुणून दाखवलं आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. ओटा खराच आहे बरं का. रस्त्याकडच्या भिंतीला लागून दगडी बैठक आहे, कुणीही टेकावं.

मुळात तो राजवाडा नाहीच. सावकाराचा वाडा आहे. स्ट्रोत्सी घराण्याला फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्यानं १४३४ साली हद्दपार केलं. फिलिप्पो स्ट्रोत्सीनं नेपल्सला पेढीवर पैसा कमावला, परत आला आणि मेदिचींच्या नाकावर टिच्चून हे बांधायला घेतलं. ज्योतिषांकडून मुहूर्त काढून! ६ ऑगस्ट १४८९, सूर्योदयाला पाया. मुहूर्त कसला, १४९१ मध्ये मालकच गेला. काम चाललं १५३८ पर्यंत, तरी छताखालची कंगणी आजही अर्धवटच. कोपऱ्यांवरचे लोखंडी कंदील घडवणाऱ्या लोहाराला कापार्रा म्हणायचे. कापार्रा म्हणजे विसार. आगाऊ पैसे हातात पडल्याशिवाय तो काम घेत नसे. हे मी भावोजींना सांगितलं, तर तेवढं मात्र त्यांना आवडलं. ते कंत्राटदार आहेत.

वर कपूर यांची 'स्वयंभू' होती. लाल मेणाचा प्रचंड ठोकळा रुळांवरून दाराच्या चौकटीत अंग घासत सरकतो, इतका हळू की सरकतोय हे नंतर कळतं. चौकटीला मेण थापलेलं. बायको पुटपुटली, "शेंदूर." आजूबाजूच्या कुणालाही तो शब्द सुचणार नव्हता. मी तिथे किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. ताई मात्र दोनदा घड्याळ बघून खाली गेली.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात हा विषय निघतो. भावोजींचं म्हणणं, सामान नसलेला वाडा म्हणजे पडीक. अहो, १९३७ पर्यंत ते घर स्ट्रोत्सींकडेच होतं, मग एका विमा संस्थेनं घेतलं आणि २००६ पासून एक प्रतिष्ठान तिथे प्रदर्शनं भरवतं. २०१६ मध्ये चिनी कलावंत आय वेवे यांनी बाहेरच्या खिडक्यांवर नारिंगी रबरी होड्या टांगल्या होत्या, निर्वासितांकडे लक्ष वेधायला. २०१८ मध्ये चौकात उंचच उंच घसरगुंड्या होत्या. पडीक वाड्यात हे चालतं? शोकेसमध्ये पिसाचा प्लॅस्टिकचा मनोरा ठेवणाऱ्या माणसाकडून मी हे का ऐकून घ्यायचं?

तर तुमचं उत्तर: आतून बघा. मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याच्या रांगेत दोन तास घालवण्यापेक्षा मी हेच करीन. उफिझी ही चित्रांची गॅलरी मात्र आधी बघितलेली नसेल तर ती सोडू नका, तेवढा वेडा मी नाही.

हो, एक राहिलं. वरचा मजला प्रदर्शन चालू असेल तरच उघडा असतो. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात गेलात तर चौकच मिळेल, तो फुकट आहे. आणि जे लागलेलं असेल ते तुम्हाला आवडेलच असं नाही, त्यामुळे आधी बघून घ्या. नाहीच जमलं तर ओटा आहे. दीड तास बसता येतं, आमच्याकडे पुरावा आहे. नोव्हेंबरात दगड फार गार लागतो, एवढंच.