परक्या घरातील भीड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मूळची नाशिकची, आमचे घर गंगापूर रोडला आहे. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या एका कार्यक्रमातून मी एप्रिलमध्ये जपानला आले आणि येथील एका कुटुंबात राहून शिकत आहे. घरात आई, बाबा, आजी आणि शाळेत जाणारा एक मुलगा आहे. सगळे प्रेमळ आहेत, तरीही दोन महिन्यांनंतर मी अजून पाहुणीच आहे असे वाटते. मी शाकाहारी असल्याचे अर्जात लिहिले होते, परंतु रोजच्या सूपला माशाचा वास येतो, म्हणून वाटी तशीच ठेवते. सगळ्यांनी वापरलेल्या टबाच्या पाण्यात उतरणे मला जमत नाही, म्हणून सकाळी घाईने शॉवर घेते. आईंनी काहीही विचारले की मी हसून ‘दाइजोबु’ म्हणते आणि रात्री खोलीत बिस्किटे खाते. आता त्याही माझ्याशी कमी बोलू लागल्या आहेत. संस्थेला सांगून घर बदलून घ्यावे का?

उत्तर : घर बदलण्याचा निर्णय एवढ्यात घेऊ नकोस. तुझ्या पत्रात मला त्या कुटुंबाची चूक दिसत नाही आणि तुझीही दिसत नाही. दिसते ती दोन्हीकडची भीड. मी स्वतः विद्यार्थिनी असताना जपानमधील एका घरात दहा महिने राहिले आहे आणि त्यांतले पहिले तीन महिने मीही याच ‘दाइजोबु’च्या आड काढले. ‘ठीक आहे’ असा या शब्दाचा अर्थ असला, तरी ‘आणखी वाढू का?’ या प्रश्नाला तो दिला की ‘नको’ असा होतो आणि ‘काही त्रास आहे का?’ याला दिला की ‘नाही’ असा होतो. तू प्रत्येक वेळी तेच उत्तर दिल्यामुळे सूप आवडले नाही, पोट भरले, की प्रकृती बरी नाही, यांपैकी काहीच त्या आईंना कळत नसणार आणि पुन्हा विचारणे त्यांना आगाऊपणाचे वाटत असणार. आपल्या ‘भीड’ या शब्दाच्या फार जवळचा ‘एन्र्यो’ हा शब्द त्यांच्या भाषेत आहे. ‘एन्र्यो शिनाइदे’, म्हणजे ‘भीड धरू नकोस’, असे त्या तुला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या असतील. भिडस्त माणसे समोरासमोर आली की कोणी तरी एकाने आधी बोलावे लागते आणि या घरात ते तुलाच करावे लागेल, कारण काय खुपते आहे हे फक्त तुलाच ठाऊक आहे.

सुरुवात सूपपासून कर. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घालून केलेले सूप ज्या पाण्यात करतात त्याला ‘दाशी’ म्हणतात आणि ते बहुधा ‘कात्सुओबुशी’चे, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या पातळ चकत्यांचे असते. वाटीत माशाचा तुकडा नसतो, त्यामुळे आपण शाकाहारीच वाढतो आहोत अशी त्या आईंची प्रामाणिक समजूत असण्याची शक्यता मोठी आहे. ‘शाकाहारी’ या एका शब्दावर तेथे भागत नाही. मांस, मासे आणि माशांची दाशी यांपैकी काहीही चालत नाही, परंतु ‘कोम्बु’ या समुद्री वनस्पतीची किंवा वाळवलेल्या शिताके अळंबीची दाशी चालते, असे जपानीत कागदावर लिही आणि जेवणाच्या मेजावर न देता, त्या निवांत बसलेल्या असताना त्यांच्या हाती दे. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ हा स्वयंपाक मांस-मासळीशिवायच होतो, त्यामुळे तुझी मागणी त्या देशाला अनोळखी नाही; कदाचित आजींना ती आईंपेक्षा लवकर समजेल. ‘करी’चे, म्हणजे मसालेदार रश्श्याचे, तयार मसाले वापरत असतील तर त्यांच्या वेष्टनावरील घटकही वाचायला शीक, कारण तेथील करीच्या तयार वड्यांत अनेकदा प्राण्यांची चरबी असते.

मग एके रविवारी परवानगी घेऊन तू स्वयंपाक कर. बटाट्याची भाजी, कोबीची कोशिंबीर आणि भात एवढे पुरे आहे. फोडणी मात्र पंखा लावून, बेताच्या मोहरीवर कर, कारण लहान घरात तो वास आत वाळत घातलेल्या कपड्यांना धरतो. हे मी अनुभवाने सांगते; माझ्या पहिल्या फोडणीनंतर त्या घरातले सगळे कपडे पुन्हा धुवावे लागले होते आणि त्याबद्दल मला कोणी एक शब्दही बोलले नव्हते.

टबाचे कोडे माहितीने सुटेल. अंग घासून धुण्याची जागा टबाबाहेर असते. तेथे लहान स्टुलावर बसून साबण पूर्ण काढल्यावरच, केस वर बांधून पाण्यात उतरायचे. ते पाणी साधारण 40 ते 42 अंश सेल्सिअसचे असते आणि ते धुण्यासाठी नसून ऊब घेण्यासाठी असते. सगळे स्वच्छ होऊनच उतरत असल्याने ते सर्वांना चालते, पाणी सोडून देत नाहीत, ऊब टिकावी म्हणून वर झाकण घालतात आणि कित्येक घरांत दुसऱ्या दिवशी तेच पाणी कपडे धुण्यास वापरतात. आपल्याकडे बंबातील तापलेले पाणी सगळ्यांना पुरवून वापरण्याची जी काटकसर होती, तिच्याशी याचे नाते मला जवळचे वाटते. तरीही मन तयार नसेल, तर रात्री सर्वांबरोबर तुझी पाळी घे, बाहेर अंग धू आणि टबात न उतरताच ये. त्यात कोणाचा अवमान नाही. सकाळच्या घाईत एकटीनेच शॉवर उरकण्याने मात्र तू घराच्या क्रमातून बाहेर राहतेस.

आणखी एक सांगते. बाहेर पडताना ते ‘इत्तेकिमासु’ म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येते’ असाच आहे. आपल्या घरांतून ‘जाते’ म्हणून कोणी निघत नाही, हे तुला सांगायला नको. रोज दारात तो शब्द मोठ्याने म्हण आणि परतल्यावर ‘तादाइमा’, म्हणजे ‘मी आले’, म्हण. ‘ओकाएरी’, म्हणजे ‘आलीस, ये’, हे उत्तर आतून येऊ लागले की पाहुणेपण बरेचसे उतरलेले असेल.

मात्र रीतिरिवाजांपलीकडचे काही घडले, कोणी न विचारता खोलीत येऊ लागले किंवा कोणाच्या वागण्याची भीती वाटली, तर तेथे भीड मुळीच धरायची नाही. त्याच दिवशी संस्थेच्या समन्वयकांना आणि घरी आईवडिलांना कळव.

प्रश्न : माझी मुलगीही जपानमध्ये एका कुटुंबाकडे राहते. मी पंचवटीतून रोज रात्री 9 वाजता, जेवणे आटोपल्यावर, तिला फोन करते, पण ती त्रोटक बोलते. ओळखीचे एक गृहस्थ तिकडे जाणार आहेत, त्यांच्याबरोबर द्राक्षांची पेटी पाठवावी का?

उत्तर : जपानची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तुमचे रात्रीचे 9 म्हणजे तिकडे साडेबारा. घरातील सगळे झोपलेले असताना ती दबक्या आवाजात बोलत असेल. रविवारी दुपारी ठरवून, निवांत बोला. ताजी द्राक्षे पाठवू नका, कारण ताज्या फळांना सरकारी वनस्पती-तपासणीचे प्रमाणपत्र लागते आणि काही फळांना तर पूर्ण मनाई आहे. विमानतळावर ती जप्त होतील आणि नेणारे गृहस्थ अडचणीत येतील. त्याऐवजी येवल्याच्या पैठणी कापडाची लहान पिशवी किंवा तांबट आळीतील तांब्याचे फुलपात्र पाठवा. ते मुलीसाठी न पाठवता त्या घरातील आईंसाठी पाठवा आणि सोबत दोन ओळींचे पत्र लिहा. मराठीतच लिहा, ते वाचून दाखवण्याचे काम तुमच्या मुलीकडे येऊ द्या.